बदनामीच्या दाव्याला मुदत असते, ‘दुर्लक्ष करा’ सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर असतं. गेल्या रविवारी त्यात एका मुलीचं पत्र होतं. घटस्फोट झालेला नवरा नातेवाइकांना आणि तिच्या ऑफिसातल्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्याबद्दल खोटंनाटं पाठवतो, गेल्या दिवाळीपासून हे चाललंय, मी काय करू, असं तिने विचारलं होतं. उत्तर छापून आलं की दुर्लक्ष करा, लोकांची तोंडं कोणाला धरता येत नाहीत, काळ जाऊ द्या. हा सल्ला चांगल्या मनाने दिला असेल, पण तो चुकीचा आहे आणि त्या मुलीचं त्यात कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

बदनामीबद्दल भरपाई मागणारा दिवाणी दावा लावायला कायद्याने एकच वर्ष दिलं आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. लिहिलेल्या मजकुरासाठी हे वर्ष तो लोकांपर्यंत गेला त्या दिवसापासून मोजतात. उसने दिलेले पैसे बुडाले तर तीन वर्षं मिळतात, जमिनीचा ताबा परत मागायला बारा वर्षं मिळतात, पण अब्रूसाठी एक. म्हणजे त्या मुलीला गेल्या दिवाळीत आलेला मेसेज या दिवाळीनंतर भरपाईच्या दाव्यातून हातचा जाणार. पोस्ट अजून दिसते आहे, म्हणजे मुदत रोज नव्याने सुरू होते, अशा समजुतीवर कोणीही विसंबू नये. ‘काळ जाऊ द्या’ हे सांगणाऱ्याने निदान एवढं तरी सांगायला हवं होतं.

मी साताऱ्यात गोडोली भागात पाळणाघर चालवते. सहा महिन्यांच्या बाळापासून पहिलीतल्या मुलांपर्यंत माझ्याकडे असतात. कोणाची आई जिल्हा परिषदेत, कोणाचे बाबा एमआयडीसीत शिफ्टला, कोणी बँकेत. हा धंदा सगळा विश्वासावर चालतो. लेकरू दुसऱ्याच्या हवाली करून आई कामाला जाते, तेव्हा ती माझ्या भिंतीचा रंग बघत नाही, माझं नाव बघते.

माझा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. आधी त्याने माझ्याविरुद्ध अर्ज केला होता आणि त्यात मनाला येईल ते लिहिलं होतं. पुढे दोन्हीकडची मोठी माणसं बसली, तडजोड झाली आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली हुकूमनामा मिळाला. तो मिरजेला राहतो, मी मुलाला घेऊन इथे. सगळं मिटलं असं वाटत असतानाच पालकांच्या मोबाईलवर मेसेज यायला लागले. पालकांचे नंबर त्याच्याकडे होतेच, कारण पूर्वी फीची आठवण करून देणारे मेसेज तोच पाठवायचा. मजकूर असा: ही बाई मुलांना झोपवायला खोकल्याचं औषध पाजते, हिने सासूचे दागिने लाटले, दुपारी हिच्याकडे कोण येतं ते एकदा विचारा. दुपारी येतो तो माझा सख्खा भाऊ, जेवणाच्या सुट्टीत दूध आणि भाजी टाकून जातो.

मला एकाही आईने काही विचारलं नाही. एक जण येऊन म्हणाली, ‘ताई, सासूबाई गावाहून आल्यात, आता त्याच बघतील.’ दुसरीने मुलीची चादर, वाटी-चमचा, बाटली असं सगळं पिशवीत भरलं आणि नजर चुकवून गेली. तिसरीने फोनच बंद ठेवला. भांडायला आलं असतं कोणी तर मी वही उघडून दाखवली असती. माझ्याकडे औषधाची वही आहे. कोणत्याही मुलाला औषध द्यायचं असेल तर आईने सकाळी त्यात औषधाचं नाव, किती आणि कधी द्यायचं हे लिहून सही करायची, दिल्यावर मी वेळ टाकून सही करायची. सुरुवातीपासून हा नियम आहे. पण न विचारता निघून जाणाऱ्याला वही दाखवणार कशी? खोट्या आरोपाचं खरं नुकसान इथे होतं, आणि दुर्लक्ष केल्याने ते भरून येत नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, अदखलपात्र नोंद केली, पावती दिली आणि ‘ताई, यात आम्हाला गुन्हा दाखल करता येत नाही, कोर्टात जावं लागेल’ असं सांगितलं. बऱ्याच बायका इथूनच रडत परततात, पोलिसांनी हाकलून दिलं असं समजून. ते तसं नसतं. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे आणि त्याची दखल न्यायदंडाधिकारी फक्त बदनामी झालेल्या व्यक्तीच्या तक्रारीवरून घेतात. ती पावती मात्र जपून ठेवावी, कोणत्या तारखेला आपण आवाज उठवला याचा तो कागद असतो. शेजारच्या एका दादांनी ‘आयटी अ‍ॅक्टचं ६६अ लावा’ असा सल्ला दिला. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केलं. इतकी वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडून ते जात नाही.

काही गोष्टींत मात्र पोलिसांना थेट गुन्हा दाखल करता येतो, आणि तिथे ‘कोर्टात जा’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. तुमच्या नावाने बनावट खातं उघडलं असेल, तुमचे खासगी फोटो पसरवले असतील किंवा ‘पैसे दे, नाहीतर सगळीकडे पाठवतो’ अशी धमकी असेल, तर ती नुसती बदनामी राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क, ६६ड, ६६ई, ६७ ही कलमं आणि खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ तिथे लागू शकतं. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, म्हणून थेट पोलीस निरीक्षकांना भेटावं.

माझ्या वकीलबाईंनी दोन रस्ते समोर ठेवले. पहिला फौजदारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. हे १ जुलै २०२४ पासूनच्या मजकुराला लागू, त्याआधीचा असेल तर जुन्या दंड विधानाची ४९९ आणि ५०० ही कलमं. या तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत एक बदल झाला आहे तो माहीत असावा: तक्रारीची दखल घेण्याआधी न्यायाधीशांना समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे आपण तक्रार केली हे त्याला लवकर कळतं, त्या तयारीने जावं.

दुसरा रस्ता दिवाणी. भरपाई मागायची आणि पुढे असा मजकूर पसरवू नये म्हणून मनाई हुकूम मागायचा. मी हा रस्ता धरला. तो माझ्या मुलाचा बाप आहे. त्याला कैद व्हावी असं मला वाटत नाही, त्याचे मेसेज थांबावेत असं वाटतं. मुलगा सुट्टीत मिरजेला आजीकडे जातो, त्याच्यावर बापाला तुरुंगात पाठवणाऱ्या आईचा मुलगा असं बोलणं यायला नको. दुसऱ्या कोणाला फौजदारी योग्य वाटेल, तर तो तिचा अधिकार आहे. दोन्ही एकाच वेळी चालवायलाही कायद्याची आडकाठी नाही.

दावा मिरजेला लावावा लागेल अशी माझ्या आईला धास्ती होती. तशी गरज पडली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे नुकसान जिथे झालं तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, यातली निवड दावा करणाऱ्याची. मेसेज साताऱ्यातल्या पालकांनी साताऱ्यात वाचले, मुलं साताऱ्यातल्या पाळणाघरातून गेली, म्हणून दावा साताऱ्यात. आधी वकिलामार्फत नोटीस पाठवली. नंतर दावा आणि त्यासोबत निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत तूर्तातूर्त मनाई मिळावी म्हणून. ही मनाई मागताक्षणी मिळत नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, त्यामुळे निकालाआधी कोणाचं तोंड बंद करताना न्यायालय जपून पावलं टाकतं, आणि टाकावीतच. ‘मी म्हणतो ते खरं आहे आणि मी ते सिद्ध करीन’ असं समोरच्याने सांगितलं तर तेही तोललं जातं. दिवाणी दाव्यात आरोप खरा ठरला की बचाव पूर्ण होतो. फौजदारीत तो खरा असावा लागतोच, शिवाय लोकहिताचाही असावा लागतो. माझ्या बाबतीत औषधाची वही आणि पालकांच्या सह्या समोर होत्या आणि औषध पाजल्याचा एकही पुरावा त्याच्याकडे नव्हता. मनाई मिळाली. मूळ दावा चालू आहे. मनाई मोडली तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते, हे कळल्यापासून मेसेज बंद आहेत.

भरपाईची रक्कम ठरवताना रागाने कोटीचा आकडा घालू नये. न्यायालयाचं शुल्क मागितलेल्या रकमेवर ठरतं, आणि पुरावाही तेवढा द्यावा लागतो. मी फीची पावतीपुस्तकं, यूपीआयने जमा झालेल्या रकमा आणि हजेरीची वही जोडली. कोणत्या महिन्यापर्यंत किती मुलं येत होती आणि नंतर किती उरली, हे त्यातून दिसतं.

आता पुराव्याबद्दल, कारण बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. मेसेज फक्त तुम्हाला एकटीलाच आला असेल तर ती बदनामी होत नाही, तो तिसऱ्या माणसापर्यंत पोचलेला असावा लागतो. म्हणजे पुरावा तुमच्या फोनमध्ये नसतो, दुसऱ्याच्या फोनमध्ये असतो. म्हणून एक तरी माणूस असा लागतो जो मेसेज पुसणार नाही आणि न्यायालयात येऊन ‘हा मला या नंबरवरून आला’ असं सांगेल. माझ्याकडे एमआयडीसीत काम करणारे एक बाबा उभे राहिले. त्यांची मुलगी अजून माझ्याकडेच येते. नुसता स्क्रीनशॉट छापून दिला तर ‘हा बनवलेला आहे’ एवढं म्हणायला समोरच्याला वेळ लागत नाही. २०२० साली जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दिली तर प्रमाणपत्र जोडावंच लागतं, मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. म्हणून फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा पूर्ण चॅट ठेवा. आणि उत्तरादाखल त्याला शिव्या लिहू नका. त्याही उद्या पुरावा म्हणून निशाणी पडून समोर येतात.

त्याने आणखी एक प्रकार केला, तो मला सगळ्यात जास्त लागला. घटस्फोटाच्या पहिल्या अर्जाच्या पानांचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, न्यायालयाचा शिक्का दिसेल असे. शिक्का बघून माझ्या मामेबहिणीलाही वाटलं की कोर्टानेच असं म्हटलंय. तो शिक्का अर्ज दाखल झाल्याचा असतो. आत लिहिलंय ते अर्जदाराचं म्हणणं असतं, न्यायालयाने त्यातलं एक अक्षरही मान्य केलेलं नसतं. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही प्रकरणं बंद दालनात चालवायची असतात आणि त्यातला मजकूर छापायला किंवा प्रसिद्ध करायला मनाई आहे. दंड फक्त एक हजार रुपयांपर्यंत आहे, तो फार जुना आणि अपुरा आहे, संसदेने वाढवायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही मनाईच्या अर्जात आम्ही या कलमाचा आधार घेतला.

ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी एक निकाल सांगते. विजयकुमार भाटे विरुद्ध नीला भाटे या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पत्नीच्या चारित्र्यावर लेखी कैफियतीत, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी उत्तरात, बिनबुडाचे आरोप करणं ही मानसिक क्रूरता आहे आणि तेवढ्यावर तिला घटस्फोट मिळू शकतो. नंतर ते आरोप मागे घेऊनही उपयोग होत नाही. परस्परसंमतीने सुटायचं असेल तर तडजोडीच्या अटींत एक अट लिहून घ्यावी: दोघांनीही एकमेकांबद्दल कुठेही बदनामीकारक मजकूर पसरवायचा नाही. आमच्या अटींत ती होती. वकीलबाईंनी हट्टाने घातली होती, तेव्हा दोन्हीकडचे म्हणाले कशाला उगीच कटुता. पुढे तीच अट आमच्या नोटिशीचा पहिला परिच्छेद झाली. साखरपुडा मोडलेल्या किंवा नुसती मैत्री तुटलेल्या मुलामुलींनाही बदनामीचा कायदा सारखाच लागू आहे, नातं काय होतं हे तो विचारत नाही. पुरुषांनाही तो तेवढाच उपयोगी आहे. खोट्या आरोपांनी बेजार झालेले पुरुष माझ्या माहितीत आहेत, त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही.

पण एक गोष्ट तितक्याच तळमळीने सांगायची आहे. खरोखर मार खाल्लेल्या, छळ सोसलेल्या बाईला गप्प बसवण्यासाठीही बदनामीची नोटीस वापरली जाते. तिने घाबरू नये. पोलिसांकडे, न्यायालयात किंवा कामाच्या ठिकाणच्या तक्रार समितीकडे चांगल्या हेतूने केलेली तक्रार ही कायद्यातच बदनामीला अपवाद आहे. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी, लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून, पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणींना निर्दोष सोडलं आणि बाईला कित्येक वर्षांनीही आपली तक्रार मांडता येते, असं म्हटलं. मात्र कोणी जाणूनबुजून खोटीच तक्रार पोलिसांत दिली असेल, तर त्यासाठी न्याय संहितेची २१७ आणि २४८ ही वेगळी कलमं आहेत, आणि खटल्यातून सुटल्यावर खोट्या खटल्याबद्दल भरपाईचा दावाही लावता येतो. त्यालाही मुदत एकच वर्ष.

पालकांनाही काही सांगायचं आहे. असा मेसेज पुढे ढकलणारा माणूसही तो प्रसिद्ध करणाराच ठरू शकतो, ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ हा बचाव नाही. ग्रुपचा अ‍ॅडमिन दुसऱ्याच्या मजकुराला आपोआप जबाबदार धरला जात नाही, त्यात त्याचा सामाईक हेतू असावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण जबाबदारी नसली तरी अ‍ॅडमिनला तो मेसेज काढून टाकता येतो, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी तसा तो काढलाही. आपल्या लेकराची काळजी वाटणं बरोबरच आहे. मग दुपारी न सांगता या, स्वयंपाकघर बघा, औषधाची वही मागा. मला त्याचा राग येणार नाही. न विचारता मूल काढून नेलं, तर माझं उत्पन्न जातंच, पण खरोखर कुठे मुलांना औषध पाजलं जात असेल तर तेही तुम्हाला कधी कळणार नाही.

संपादक महोदय, आपल्या सदरात यापुढे असा प्रश्न आला तर उत्तरात मुदत छापा, एवढी विनंती आहे. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसलेल्यांसाठी एक पत्ता छापा: प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, साताऱ्यातही आहे, सांगलीतही आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मागता येते, पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ती मर्यादा नाही. दूरध्वनी क्रमांक १५१००. बदनामीच्या दाव्याला ही मदत मिळेल का, हे मात्र आधी तिथे विचारून घ्यावं. जाताना आधार कार्ड, मेसेज असलेला फोन आणि पोलिसांची पावती सोबत न्यावी.

दावा न्यायप्रविष्ट असल्याने मी त्याचं नाव लिहिलेलं नाही. माझंही छापू नये, ही विनंती.

आपली,
पाळणाघर चालवणारी एक वाचक, सातारा